'असणे' आणि 'परिस्थिती' : जुन्या इंग्रजी कोशांतील आणि मोल्सवर्थ-परंपरेतील अस्तित्ववाचक व स्थितिवाचक शब्दांची चिकित्सा

१. प्रस्तावना

शब्दकोशाची खरी परीक्षा अवघड शब्दांपाशी होते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ती सोप्या शब्दांपाशी होते. 'अनुस्यूत' किंवा 'प्रतियोगी' या शब्दांचा अर्थ देताना कोशकाराला त्यांहून सोपे शब्द हाताशी असतात. 'असणे', 'होणे', 'स्थिती', 'अवस्था' यांच्याबाबत ती सोय नसते. हे शब्द ज्यांनी समजावून सांगायचे, ते शब्दच यांच्यावर उभे असतात. म्हणूनच एखाद्या भाषेचे कोशवाङ्मय कोणत्या विचारव्यूहावर रचलेले आहे हे पाहायचे असेल, तर अभ्यासकाने प्रथम या वरकरणी क्षुल्लक नोंदींकडे वळले पाहिजे.

प्रस्तुत लेखात दोन गोष्टींचा विचार करावयाचा आहे. एक, जुन्या इंग्रजी कोशांनी अस्तित्ववाचक आणि स्थितिवाचक शब्दांच्या व्याख्या कोणत्या पद्धतीने केल्या. दोन, एकोणिसाव्या शतकात मुंबईत सिद्ध झालेल्या मराठी-इंग्रजी कोशपरंपरेने, म्हणजे प्रामुख्याने मोल्सवर्थ आणि कँडी यांच्या कोशांनी, मराठीतील अशा शब्दांना इंग्रजी प्रतिशब्द देताना काय टिपले आणि काय निसटू दिले. हा प्रश्न केवळ ऐतिहासिक कुतूहलाचा नाही. मराठी-इंग्रजी कोशरचनेची घडी याच परंपरेने बसवून दिली. जे या घडीत बसले नाही, ते आजही परळ-लालबागच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याच्या वहीत 'चूक' म्हणून अधोरेखित होत असते. ते कसे, हे लेखाच्या उत्तरार्धात स्पष्ट होईल.

२. इंग्रजी कोशांतील तीन वाटा

इंग्रजीतील पहिला एकभाषिक कोश म्हणून रॉबर्ट कॉड्री याच्या १६०४ मधील कोशाचा उल्लेख केला जातो. त्यात सुमारे अडीच हजार शब्द होते आणि ते सर्व 'कठीण' शब्द होते. लॅटिन, ग्रीक, फ्रेंच यांतून आलेले जे शब्द सामान्य वाचकाला अडतील, तेवढेच देण्याचा त्याचा हेतू होता. अशा कोशात 'बी' या क्रियापदाला स्थान असण्याचे कारण नव्हते. जे सर्वांना ठाऊक आहे ते कोशात कशाला, ही त्यामागील भूमिका. नेहमीच्या वापरातील शब्दही कोशात आले पाहिजेत ही जाणीव पुढे अठराव्या शतकाच्या प्रारंभी रुजू लागली आणि तिथूनच कोशकारांची खरी अडचण सुरू झाली.

ती अडचण सर्वांत प्रांजळपणे मान्य केली ती डॉ. सॅम्युएल जॉन्सन याने. त्याचा कोश १७५५ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४२ हजार शब्दांच्या नोंदी आहेत. मराठी वाचकाला जॉन्सन परका नाही. त्याच्या 'रासेलस' या कथेचे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभलेले भाषांतर विष्णुशास्त्र्यांनी पुरे केले आणि 'निबंधमाले'त विष्णुशास्त्र्यांनी जॉन्सनवर स्वतंत्रपणे लिहिले. कोशाच्या प्रस्तावनेत जॉन्सन जे म्हणतो त्याचा आशय असा : स्पष्टीकरणासाठी मूळ शब्दापेक्षा कमी गहन शब्द लागतात आणि असे शब्द नेहमीच सापडत नाहीत. ज्याप्रमाणे काही गृहीत धरल्याखेरीज सिद्धता देता येत नाही, त्याप्रमाणे व्याख्येची गरज नसलेले काही शब्द मानल्याखेरीज व्याख्याही करता येत नाही.

ही कबुली दिल्यानंतर जॉन्सन 'बी' या क्रियापदाची नोंद करतो, आणि तिची रचना लक्षणीय आहे. त्याने दिलेला पहिला अर्थ 'अस्तित्वात असणे' हा नाही. पहिला अर्थ आहे, एखादी विशिष्ट स्थिती, अवस्था, गुण किंवा उपाधी धारण करणे. उदाहरणार्थ, 'मनुष्य शहाणा आहे'. दुसऱ्या क्रमांकावर कर्मणी प्रयोगातील साहाय्यक क्रियापद येते. 'अस्तित्व असणे' हा अर्थ तिसऱ्या क्रमांकावर आहे. म्हणजे जॉन्सनच्या दृष्टीने भाषेत 'असणे' हे प्रथम 'काहीतरी असणे' असते, नुसते 'असणे' नंतर येते. तत्त्ववेत्त्याचा क्रम बहुधा उलटा असतो. त्याच्या लेखी वस्तू आधी असते, मग ती अमुक एका अवस्थेत असते. जॉन्सनने मात्र व्यवहारातील भाषेला अनुसरून हा क्रम लावला, असे म्हणता येते.

मात्र हाच जॉन्सन 'एक्झिस्ट' या शब्दापाशी येतो तेव्हा अर्थ देतो तो 'असणे' असा, आणि 'एक्झिस्टन्स' म्हणजे 'असण्याची स्थिती' असे सांगतो. 'असणे' म्हणजे अस्तित्व धारण करणे, अस्तित्व म्हणजे असण्याची स्थिती, आणि स्थिती धारण करणे म्हणजे पुन्हा 'असणे'. वाचक तीन नोंदी फिरून मूळ जागी येतो. ही पहिली वाट : वर्तुळाची.

दुसरी वाट नोआ वेब्स्टर याच्या १८२८ च्या अमेरिकन कोशात दिसते. वेब्स्टर 'बी'च्या अर्थाची सुरुवात 'स्थिर असणे' या कल्पनेपासून करतो आणि मग कमी-अधिक काळ खरेखुरे अस्तित्व असणे या अर्थाकडे येतो. येथे वर्तुळ पूर्णपणे तुटत नाही. परंतु 'असणे' या अमूर्त कल्पनेला 'जागेवर ठाम असणे' या मूर्त अनुभवाचा टेकू मिळतो.

तिसरी वाट ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची. हिची पहिली आवृत्ती १८८४ ते १९२८ या काळात भागशः प्रसिद्ध झाली. ऐतिहासिक तत्त्वावर रचलेल्या या कोशाने 'बी' हे एकच क्रियापद नसून मुळात निरनिराळ्या धातूंचे अवशेष एकत्र येऊन बनलेले रूपसंकुल आहे, हे दाखवले. याखेरीज कोशकारांनी असे मत मांडले की, या क्रियापदाचा आद्य अर्थ 'एखाद्या ठिकाणी असणे', म्हणजे तेथे बसलेले, उभे किंवा पडलेले असणे, हा असावा. विशिष्ट ठिकाणाची कल्पना गाळली की 'कोठेतरी असणे', म्हणजेच 'विश्वात असणे', हा अस्तित्ववाचक अर्थ उरतो. प्रत्यक्ष उपस्थितीची कल्पना आणखी क्षीण झाली की 'अमुक हा तमुक आहे' हा केवळ बौद्धिक संबंध उरतो. जॉन्सनच्या कोशात 'स्थिती' प्रथम आहे, तर ऑक्सफर्डच्या मांडणीत 'स्थान' प्रथम आहे.

३. संस्कृत परंपरेतील समांतर अडचण

ही अडचण केवळ इंग्रजी कोशकारांची होती असे मानण्याचे कारण नाही. पाणिनीय धातुपाठाचा आरंभ 'भू' धातूने होतो आणि त्याचा अर्थ 'सत्ता' या शब्दाने दिलेला आहे. 'सत्ता' हा शब्द 'सत्' वरून, आणि 'सत्' हा 'अस्' धातूवरून साधलेला आहे. आता 'अस्' धातूचा अर्थ पाहावा, तर तो 'भू'च्या साहाय्याने सांगितलेला आढळतो. जॉन्सनच्या नोंदींत जे वर्तुळ आहे तेच येथे आहे. फरक इतकाच की, येथे ते दोनच पावलांत पूर्ण होते. अर्थात धातुपाठ हा आधुनिक अर्थाने कोश नव्हे, हे मान्य केले पाहिजे.

या वर्तुळातून बाहेर पडण्याचा एक निराळा प्रयत्न यास्काच्या निरुक्तात नोंदलेला आहे. तेथे वार्ष्यायणी या आचार्याच्या नावे भावाचे सहा विकार सांगितले आहेत : जन्मणे, असणे, बदलणे, वाढणे, क्षीण होणे आणि नाश पावणे. या मांडणीत 'असणे' हा सर्वांचा आधार नाही. ते 'भावा'चे सहापैकी एक रूप आहे. मराठीच्या दृष्टीने या मांडणीला विशेष महत्त्व आहे. 'होणे' आणि 'असणे' यांचा असा सहवास मराठीत आजही दिसतो. 'तो शिक्षक झाला' आणि 'तो शिक्षक होता' या दोन वाक्यांत मराठी भाषक स्पष्ट भेद करतो. तरीही 'होता' हे रूप 'असणे'चा भूतकाळ म्हणून वापरले जात असताना मुळाने 'भू'कडे, म्हणजे 'होण्या'कडे जाते. मराठीत वर्तमानातले 'आहे' आणि भूतकाळातले 'होते' यांच्यात असा सांधा आहे आणि तो बोलणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

आणखी एक बाब येथे नोंदवली पाहिजे. इंग्रजीतील 'इज', 'बी' आणि 'वॉज' ही तीन रूपे ज्या धातूंकडे नेली जातात, त्यांचे संस्कृत सगोत्र अनुक्रमे 'अस्', 'भू' आणि 'वस्' हे आहेत. इंग्रजीने हे तीन धातू एका क्रियापदात कोंबले. मराठीत ते 'असणे', 'होणे' आणि 'वसणे' या स्वतंत्र क्रियापदांत जिवंत आहेत. 'वस्ती' हा शब्दही तिसऱ्याच धातूचा. इंग्रजी शिकणारा मराठी विद्यार्थी ज्या क्रियापदाच्या अनियमिततेने हैराण होतो, त्याचे तिन्ही तुकडे त्याच्या मातृभाषेत सुटे व नियमित स्वरूपात आहेत, हे त्याला क्वचितच सांगितले जाते.

४. मुंबईतील कोशकार्य : मोल्सवर्थ आणि कँडी

मराठी-इंग्रजी कोशरचनेचा आरंभ विल्यम केरी याने श्रीरामपूर येथे केला. त्याचा कोश १८१० साली प्रसिद्ध झाला. पुढे १८२४ साली व्हॅन्स केनेडी याचा कोश मुंबईत निघाला. परंतु खऱ्या अर्थाने पायाभूत ठरला तो जेम्स थॉमस मोल्सवर्थ याचा कोश. जॉर्ज आणि थॉमस या कँडी बंधूंच्या साहाय्याने आणि अनेक मराठी शास्त्र्यांच्या श्रमांतून सिद्ध झालेली त्याची पहिली आवृत्ती १८३१ साली प्रसिद्ध झाली. सुमारे ६० हजार शब्दांची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली मुंबईच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात सरकारसाठी छापली गेली. याच आवृत्तीला डॉ. जॉन विल्सन यांचे मराठी भाषेच्या घटकांवरील टिपण जोडलेले आहे. गिरगाव चौपाटीवरील महाविद्यालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते, तेच हे विल्सन. इंग्रजी-मराठी कोशाचे काम मोल्सवर्थने आरंभले आणि थॉमस कँडीने ते पूर्ण करून १८४७ साली प्रसिद्ध केले. बाबा पदमनजींनी मोल्सवर्थच्या कोशाचा संक्षेप १८६३ साली सिद्ध केला. याप्रमाणे तीन-साडेतीन दशकांत मराठी-इंग्रजी अर्थव्यवहाराची चौकट मुंबईत तयार झाली.

या कोशाची थोरवी सर्वमान्य आहे. शब्दाचे मूळ संस्कृत, अरबी, फारसी की हिंदुस्थानी हे दर्शवणे, अर्थांना क्रमांक देणे, वाक्प्रचारांची रेलचेल करणे आणि बोलीतील, घरगुती व असंस्कृत मानले जाणारे शब्दही न वगळणे, ही त्याची वैशिष्ट्ये आजच्या कोशकारालाही आदर्शवत वाटावीत. अस्तित्ववाचक शब्दांपुरते पाहिले तरी त्याचा कान तीक्ष्ण होता, असे दिसते. 'भाव' या एका शब्दाखाली त्याने अस्तित्व, आशय, श्रद्धा आणि बाजारातील दर हे सर्व अर्थ एकत्र आणले आहेत. देवळातला भाव आणि दादरच्या मंडईतला भाव एकाच नोंदीत सापडणे ही कोशकाराची लबाडी नव्हे. ती भाषेची वस्तुस्थिती आहे. 'सत्ता' या शब्दाचेही तसेच. अस्तित्व आणि अधिकार हे दोन्ही अर्थ त्याने नोंदवले आहेत. आज मराठी वृत्तपत्रांत 'सत्ता' म्हणजे केवळ राज्याधिकार; 'असणेपण' हा तिचा मूळ अर्थ तत्त्वज्ञानाच्या वर्गाबाहेर ऐकू येत नाही.

असे असले तरी द्विभाषिक कोशाची एक अंगभूत मर्यादा असते आणि ती मोल्सवर्थलाही चुकलेली नाही. द्विभाषिक कोश व्याख्या करत नाही. तो प्रतिशब्द देतो. 'असणे'समोर 'बी' ठेवले की कोशाचे काम संपते. त्यामुळे जॉन्सनला जी अडचण कबूल करावी लागली, ती द्विभाषिक कोशकाराला कबूल करावीच लागत नाही. वर्तुळ दोन भाषांत विभागले जाते आणि म्हणून दिसेनासे होते. त्याबरोबर मूळ भाषेत त्या शब्दाभोवती असलेले भेदही दृष्टिआड होतात. अशा दोन भेदांचा विचार पुढे केला आहे.

५. 'नाही', 'नव्हे' आणि 'नसणे'

पहिला भेद नकाराचा. 'राम घरी नाही' आणि 'हा राम नव्हे' या दोन वाक्यांत मराठी दोन निराळी क्रियापदे वापरते. पहिल्यात उपस्थितीचा किंवा अस्तित्वाचा नकार आहे, दुसऱ्यात तादात्म्याचा. इंग्रजीत दोन्हीकडे एकच 'इज नॉट' येते. ऑक्सफर्डच्या कोशकारांना 'एखाद्या ठिकाणी असणे', 'अस्तित्वात असणे' आणि 'अमुक हा तमुक असणे' हे अर्थ शाखा पाडून वेगळे करावे लागले. त्यांपैकी तिसऱ्या अर्थाला मराठीने नकारापुरते स्वतंत्र क्रियापदच दिलेले आहे. शिवाय 'नसणे' हे एकसंध नकारात्मक क्रियापद मराठीत आहे. त्याला इंग्रजीत एकशब्दी प्रतिशब्द नाही. इंग्रजीत 'असणे' घेऊन त्याला नकार जोडावा लागतो. मराठीत मात्र 'नसणे' ही स्वतःच एक स्थिती आहे. म्हणूनच 'नसती उठाठेव', 'नसते लचांड' असे प्रयोग संभवतात, ज्यांत जे 'नाही' तेच प्रत्यक्ष उपद्रव देते. 'होते नव्हते ते विकले' या प्रयोगात तर घरात 'नव्हते' तेही विकले जाते. 'असून अडचण नसून खोळंबा' ही म्हण या दोन्ही क्रियापदांना समान दर्जा देते.

खेदाची गोष्ट अशी की, मुंबईच्या आजच्या बोलण्यात 'नव्हे' मागे पडत चालले आहे. 'तो माझा भाऊ नव्हे' याऐवजी 'तो माझा भाऊ नाही' असेच सर्रास ऐकू येते. हा बदल केवळ इंग्रजीच्या प्रभावाने झाला असे सिद्ध करता येणार नाही. हिंदीचा सहवास आणि भाषेची सुलभीकरणाची प्रवृत्ती यांचाही त्यात वाटा असू शकतो. परंतु 'नाही' आणि 'नव्हे' या दोहोंसमोर एकच इंग्रजी प्रतिशब्द वाचत वाढलेल्या पिढीला हा भेद अनावश्यक वाटला, तर नवल नाही.

'आहे' आणि 'असतो' यांच्यातील भेदही याच जातीचा आहे. 'तो दादरला आहे' म्हणजे या क्षणी तेथे आहे. 'तो दादरला असतो' म्हणजे तेथे राहतो, किंवा कामानिमित्त तेथे त्याचा नित्याचा वावर आहे. गिरगावात किंवा लालबागेत जुना परिचित भेटला की 'हल्ली कुठे असता?' असा प्रश्न येतो. प्रश्न स्थानाचा दिसतो. परंतु अपेक्षित उत्तरात घर, नोकरी आणि एकूण निर्वाह हे सारे येते. त्याचप्रमाणे 'आजोबा मिलमध्ये होते' या वाक्याचा अर्थ ते मिलच्या आवारात उपस्थित होते असा नसतो. ते मिलमध्ये नोकरीला होते, असा असतो. येथे स्थान, काम आणि अस्तित्व ही तिन्ही एका क्रियापदात आहेत. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी 'असणे'च्या मुळाशी स्थान असावे असा जो तर्क केला, त्याला गिरणगावच्या रोजच्या बोलण्यात असा दाखला मिळतो. आणि म्हणूनच गिरणी गेली तेव्हा केवळ नोकरी गेली नाही, 'कुठे असता?' या प्रश्नाचे उत्तरच गेले.

६. स्थितिवाचक शब्दांची घसरण

दुसरा भेद स्थितिवाचक शब्दांचा असून, माझ्या मते तो अधिक महत्त्वाचा आहे. जॉन्सन 'स्टेट' या शब्दाचा अर्थ अवस्था, निसर्गाने किंवा दैवाने प्राप्त झालेली परिस्थिती, असा देतो. हा अर्थ तटस्थ आहे. मात्र त्याच नोंदीत पुढे प्रतिष्ठा, वैभव, थाटमाट असे अर्थही येतात. इंग्रजीत 'स्थिती' हा शब्द वर चढत गेला. त्यातून राज्यसंस्थेचा अर्थ निघाला आणि 'इस्टेट' या भावंडातून मालमत्तेचा.

मराठीत याच्या उलट घडले आहे. 'अवस्था' हा शब्द वेदान्तात जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुर्या अशा चार स्थितींसाठी येतो. त्यात चांगलेवाईट काही नाही. परंतु 'त्याची काय अवस्था झाली!' असे म्हटले की ती वाईटच असते. 'दशा' शब्दाचे तसेच आणि 'गत' शब्दाचेही तसेच. 'हाल' हा अरबी शब्द मुळात केवळ 'स्थिती' असा आहे आणि हिंदीत 'क्या हाल है' या प्रश्नात तो तटस्थच राहिला. मराठीत मात्र 'हाल झाले' म्हणजे यातना झाल्या. विशेषण न जोडता, केवळ 'स्थिती' एवढे म्हणताच दुःस्थिती सूचित व्हावी, ही प्रवृत्ती मराठीत इतक्या सातत्याने दिसते की तिला योगायोग म्हणता येणार नाही.

या मालिकेतील आजचा सर्वांत प्रभावी शब्द म्हणजे 'परिस्थिती'. याबाबतचा एक अनुभव येथे नोंदवणे आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थ्याने आपल्या कुटुंबाविषयीच्या निबंधात लागोपाठ दोन वाक्ये लिहिली होती. पहिले असे : परिस्थितीमुळे बाबांना शाळा सोडावी लागली. दुसरे असे : त्यांना पुढे शिकवण्याची आजोबांची परिस्थिती नव्हती. आजोबा मिलमध्ये होते आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर त्यांची मिल त्यांच्यासाठी पुन्हा उघडलीच नाही, हे निबंधात पुढे आले होते. प्रस्तुत लेखकाने समासात लाल शाईने प्रश्नचिन्ह काढले. पहिल्या वाक्यात परिस्थिती होती म्हणून शाळा सुटली आणि दुसऱ्यात परिस्थिती नव्हती म्हणून सुटली. यांपैकी खरे कोणते, असा त्या प्रश्नचिन्हाचा अर्थ होता. विद्यार्थ्याने वही परत घेतली आणि शांतपणे सांगितले, 'सर, दोन्ही एकच आहे.'

तो बरोबर होता आणि मी चूक होतो. पहिल्या वाक्यात 'परिस्थिती' म्हणजे गरिबी. दुसऱ्या वाक्यात 'परिस्थिती' म्हणजे ऐपत. एकाच शब्दाचे असणे आणि नसणे या दोहोंतून एकच गोष्ट सांगितली जाते. आणि घरात, चाळीत, शेजारात कोणालाही त्यात विसंगती वाटत नाही. माझ्या मनातील 'परिस्थिती' हा शब्द मात्र कोशातून आलेला होता : आजूबाजूच्या घटनांचा तटस्थ समुच्चय. ज्या समाजाने हा शब्द गरिबीचे नाव न घेता गरिबी सांगण्यासाठी घडवला, त्या समाजाचा अर्थ माझ्या व्याख्येत नव्हता.

या शब्दामागील सामाजिक कारणही उघड आहे. 'आम्ही गरीब होतो' असे म्हणण्यात गरिबी ही माणसाची उपाधी होते. 'आमची परिस्थिती नव्हती' असे म्हटले की ती माणसाबाहेर, त्याच्या सभोवती राहते. 'परि' या उपसर्गाचा अर्थच सभोवार असा आहे. येथे जॉन्सनची पहिली व्याख्या आठवते. 'असणे' म्हणजे एखादी स्थिती वा गुण धारण करणे, असे तो सांगतो. मराठी भाषक मात्र ती स्थिती स्वतः धारण करण्याचे नाकारतो. तो 'आम्ही असे आहोत' म्हणत नाही. 'आमची परिस्थिती अशी आहे' म्हणतो. यात पळवाट नसून स्वाभिमान आहे.

याला जोडून एक व्युत्पत्तिविषयक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. 'परिस्थिती'तील 'स्था' धातू आणि 'स्टेट', 'इस्टेट' यांच्या मुळाशी असलेला लॅटिन धातू हे सगोत्र आहेत. 'एक्झिस्ट' हा शब्दही त्याच कुळातला. मराठीने 'इस्टेट' हा शब्द उसना घेतला तो मालमत्तेच्या अर्थाने. म्हणजे 'उभे राहणे' या एकाच मूळ कल्पनेतून आलेल्या दोन शब्दांपैकी 'इस्टेट' असणाऱ्याकडे गेला आणि 'परिस्थिती' नसणाऱ्याकडे.

७. संभाव्य आक्षेप

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, मोल्सवर्थच्या काळी जो अर्थ रूढ नसेल, तो त्याने दिला नाही म्हणून त्याला दोष देणे अनैतिहासिक आहे. हा आक्षेप रास्त आहे आणि येथे मोल्सवर्थला दोष द्यावयाचा नाही. उलट, त्याची पद्धती आजच्या कोशकारांनी पूर्णत्वाने स्वीकारली असती, तर 'परिस्थिती'चा हा अर्थ केव्हाच नोंदला गेला असता. बोलणाऱ्याच्या तोंडून शब्द टिपणे ही त्याची खरी शिकवण. त्याच्या नंतरच्यांनी त्याची चौकट घेतली, परंतु कान घेतला नाही. १९३२ ते १९३८ या काळात दाते-कर्वे प्रभृतींनी सात खंडांत सिद्ध केलेला 'महाराष्ट्र शब्दकोश' हा या बाबतीत सन्माननीय अपवाद होय. बोलीभाषांतील शब्दांचा त्याने केलेला संग्रह आजही उपयुक्त आहे.

दुसरा आक्षेप असा की, 'नाही' आणि 'नव्हे' यांतील भेद हा व्याकरणाचा विषय आहे, कोशाचा नव्हे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत मराठी क्रियापदविचाराची समृद्ध परंपरा आहे, हे खरे. परंतु अस्तित्ववाचक क्रियापदांबाबत कोश आणि व्याकरण यांची सीमारेषा काटेकोरपणे आखता येत नाही. जॉन्सनने कर्मणी प्रयोगाचे कार्य कोशातच, दुसऱ्या अर्थाच्या जागी नोंदवले, ते याच कारणाने. 'असणे' हा असा शब्द आहे की ज्याचा उपयोग हाच त्याचा अर्थ आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

एक, अस्तित्ववाचक शब्दांची व्याख्या करताना वर्तुळ अटळ आहे, हे जॉन्सनने जाणले होते आणि धातुपाठातही ते दिसते. त्यातून मार्ग काढण्यासाठी जॉन्सनने स्थितीचा, वेब्स्टरने स्थैर्याचा आणि ऑक्सफर्डच्या कोशकारांनी स्थानाचा आधार घेतला. हे तिन्ही आधार मराठीच्या रोजच्या वापरातही सापडतात.

दोन, द्विभाषिक कोशात हे वर्तुळ दिसत नाही, कारण ते दोन भाषांत विभागले जाते. परिणामी 'नाही' आणि 'नव्हे', 'आहे' आणि 'असतो', 'होणे' आणि 'असणे' यांतील मराठीचे स्वतःचे भेद इंग्रजी प्रतिशब्दामागे झाकले जातात.

तीन, मराठीतील स्थितिवाचक शब्द सातत्याने दुःस्थितीकडे झुकतात आणि 'परिस्थिती' हा त्याचा आजचा सर्वांत जिवंत नमुना आहे. 'परिस्थितीमुळे' आणि 'परिस्थिती नव्हती' हे दोन्ही प्रयोग स्वतंत्र अर्थ म्हणून, उदाहरणांसह, कोशांत नोंदले गेले पाहिजेत.

हे काम करण्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. महाविद्यालयांतील मराठी आणि इंग्रजी विभागांनी एकत्र येऊन विद्यार्थ्यांच्या लेखनातील असे प्रयोग नोंदवले, तरी एक मौलिक संग्रह तयार होईल. मोल्सवर्थने शास्त्र्यांना बरोबर घेऊन शब्द जमवले. आपल्यासमोर रोज साठ-सत्तर मुले बसतात, आणि त्यांच्यातील अनेकांच्या घरात हे शब्द कोशापेक्षा अधिक अचूक अर्थाने बोलले जातात. वही तपासताना प्रश्नचिन्ह काढण्यापूर्वी ते वाक्य एकदा लिहिणाऱ्याच्या बाजूने वाचले, तर या कार्याचा आरंभ झाला असे समजण्यास हरकत नाही.